लाल झाले, पण पिकले का?

प्रश्न : माझ्याकडे मोठ्या कुंडीत पीचचे चार वर्षांचे झाड आहे. यंदा त्याला पस्तीसेक फळे धरली. दोन आठवड्यांपूर्वी ती छान लाल दिसू लागली, म्हणून निम्मी तोडून फ्रिजमध्ये ठेवली. परंतु ती आंबटच राहिली आणि खाताना पिठूळ लागली. झाडावरची फळे अजून टणक आहेत आणि आकारानेही लहान आहेत. ती केव्हा उतरवावीत?

उत्तर : आपली फसगत लालीने केली. पीचवरची लाली मुख्यतः उन्हाने चढते, आणि काही जातींत तर ती फळ पिकण्याच्या बरीच आधी दिसते. त्यामुळे तिच्यावरून पक्वता ठरवता येत नाही. पाहायचा असतो तो लालीखालचा मूळ रंग. देठाजवळच्या खोलगट भागातली किंवा पानाने झाकलेल्या बाजूची हिरवी छटा पूर्ण जाऊन तिथे पिवळा रंग (पांढऱ्या गराच्या जातींत सायीसारखा) आला, फळाला वास सुटला आणि तळहातावर घेऊन अलगद वळवताच ते देठापासून सुटले, तर ते पाडाला आले असे समजावे. बोटाने दाबून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण दाबलेली जागा दुसऱ्या दिवशी काळवंडते.

तोडलेले पीच घरात मऊ होते आणि त्याला वासही येतो, पण त्याची गोडी वाढत नाही. केळ्यात साठलेल्या पिष्टाची तोडणीनंतर साखर होते. पीचमध्ये असा साठा जवळजवळ नसतो, म्हणून जी साखर हवी ती झाडावर असतानाच पानांकडून फळात यावी लागते. त्यात आपण कच्ची फळे फ्रिजमध्ये ठेवलीत. साधारण २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात न पिकलेल्या पीचचा गर बिघडतो आणि रसाळ होण्याऐवजी पिठूळ होतो. किंचित टणक फळ उतरवले असेल, तर ते आधी बाहेर, एकावर एक न रचता मऊ होऊ द्यावे आणि मगच, तेही दोन-तीन दिवसांपुरते, थंडाव्यात ठेवावे.

आकाराचे कारण निराळे आहे. कुंडीतल्या झाडाला पस्तीस फळे फार झाली. एका पीचच्या वाढीसाठी साधारण ३० ते ४० पानांचे अन्न लागते, असा ढोबळ हिशेब आहे. फळे गोटीएवढी झाल्यावर, आतली कोय टणक होण्यापूर्वी, दोन फळांत सुमारे १५ सेंटीमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी. धरलेली फळे आपल्याच हाताने खुडणे जिवावर येते. मीही सुरुवातीची दोन वर्षे ते टाळले आणि दोन्ही वर्षी कोयीभोवती गराचा पातळ थर तेवढा पदरात पडला. कोय टणक होत असताना फळाची वाढ थांबल्यासारखी वाटते; त्यानंतर शेवटच्या काही आठवड्यांत ते झपाट्याने फुगते. याच काळात कुंडीतली माती एकदा कोरडी ठणठणीत आणि एकदा चिखल, अशी होऊ देऊ नये. उन्हाच्या दिवसांत कुंडीला रोज पाणी लागू शकते, मात्र तळाच्या छिद्रांतून ते वाहून गेले पाहिजे. आता नत्रयुक्त खतही देऊ नये; त्याने पालवी फोफावते आणि फळे पिकायला उशीर होतो.

(आलुबुखार आणि जर्दाळू यांनाही बहुतांशी हेच लागू आहे. चेरी मात्र तोडल्यावर अजिबात पिकत नाही, ती झाडावरच पूर्ण पिकू द्यावी लागते.)

आपल्या झाडावरची फळे एकाच दिवशी उतरवू नयेत. वरच्या, भरपूर ऊन मिळणाऱ्या फांद्यांवरची आधी तयार होतात आणि आतल्या सावलीतली मागून. तेव्हा दर दोन दिवसांनी देठाजवळचा रंग पाहत, तयार होतील तेवढीच तोडावीत आणि तोवर पक्ष्यांपासून जपण्यासाठी झाडावर जाळी टाकावी.