शिफारसपत्रांपासून सुरुवात कर

प्रिय विद्यार्थिनी,

अमेरिकेत फिजिक्सच्या पीएचडीसाठी अर्ज करायचा म्हणून तू विद्यापीठांची यादी करायला बसली आहेस. ती यादी जरा बाजूला ठेव. बहुतेक विभागांची मुदत डिसेंबरच्या मध्याला संपते, पण तीन शिफारसपत्रांची जुळवाजुळव आतापासूनच करावी लागते. तुझ्या अर्जात सगळ्यात जास्त वजन त्यांनाच असणार आहे.

तुझ्या कॉलेजातले ऐंशी टक्के म्हणजे नेमके किती, हे परदेशातल्या निवड समितीला कळत नाही. ही मुलगी संशोधनात टिकेल का, अडली तर स्वतः वाट काढेल का, हे तुझं काम जवळून पाहिलेला माणूसच सांगू शकतो. म्हणून केवळ पद मोठं म्हणून विभागप्रमुखांकडे जाऊ नकोस. ‘नियमित, हुशार, मनमिळाऊ’ एवढ्यावर समितीच्या हाती काहीच लागत नाही. ‘गॅमा स्पेक्ट्रममधला फोटोपीक सरकतोय हे तिच्या लक्षात आलं, तो तापमानामुळे सरकतो हे तिने मोजून दाखवलं आणि कॅलिब्रेशनचा कोड बदलला’, हे वाक्य एखाद्या नवख्या प्राध्यापकाने लिहिलं तरी भारी पडतं.

निदान दोन पत्रं अशा माणसांची हवीत. सहा-आठ आठवडे आधी विचार, आणि ‘माझ्यासाठी भक्कम पत्र देता येईल का?’ असंच विचार. उत्तर चाचरत आलं तर दुसरं नाव शोध. होकार मिळाला की सीव्ही, एसओपीचा (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचं तुझं उद्देशपत्र) मसुदा, त्यांच्याकडे केलेल्या कामाचं अर्ध्या पानाचं टिपण आणि मुदतींचा तक्ता त्यांना दे. पत्र चढवायच्या पोर्टलची लिंक बऱ्याचदा स्पॅममध्ये जाते, तेव्हा ती मिळाली का याची खात्री कर. अर्जातल्या ‘पत्र वाचण्याचा हक्क सोडते’ या चौकटीत खूण कर. गोपनीय पत्रावर समितीचा विश्वास जास्त बसतो. कुणी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणालं, तर नम्रपणे नकार दे आणि तेच टिपण पुढे कर. पत्राची भाषा एसओपीशी जुळली की अख्खा अर्ज संशयात सापडतो.

एसओपी दीड-दोन पानांची पुरते. लहानपणी तारे पाहायचीस, हे त्यात नको. कुठला प्रश्न हाती घेतला, काय केलं, कुठे अडलं, हे लिही. मग दोन-तीन प्राध्यापकांची नावं, कारणांसकट. ते निवृत्त झालेत का, अलीकडे त्यांच्याकडे नवे विद्यार्थी आलेत का, हे ग्रुपच्या पानावर आणि अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या खुल्या संकेतस्थळावरच्या ताज्या पेपरांत तपास. हाय-एनर्जी थिअरीत (मूलकणांच्या सैद्धांतिक अभ्यासात) जागा फार थोड्या असतात. तोच विषय मनापासून हवा असेल तर जरूर लिही, पण यादीतली विद्यापीठं त्या हिशेबाने निवड. ईमेल केलीस तर पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का, एवढंच विचार. अमेरिकेत प्रवेश सहसा समिती ठरवते, त्यामुळे उत्तर आलं नाही तरी खचू नकोस. युरोपात गोष्ट वेगळी: तिथे बहुधा आधी मास्टर्स लागतं, पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहीर होते आणि प्राध्यापकाचा शब्द चालतो.

फिजिक्स जीआरई ही विषयाची प्रवेशपरीक्षा काही ठिकाणी ऐच्छिक आहे, काही विभाग गुण पाहतही नाहीत. ऐच्छिक असेल आणि गुण चांगले असतील तर पाठव. अनोळखी कॉलेजच्या विद्यार्थ्याला त्याचा आधार होतो. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागाकडे विशेष लक्ष दे. पहिल्या वर्षाचा स्टायपेंड अनेकदा टीचिंग असिस्टंटशिपमधून (शिकवण्यात मदत करण्याच्या कामातून) येतो आणि त्यासाठी काही विद्यापीठं बोलण्याचे वेगळे किमान गुण मागतात.

अर्जाची फी माफ होते का, हे प्रत्येक ठिकाणी विचार. काही विद्यापीठांत ही सवलत फक्त अमेरिकेतल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असते. फिजिक्सच्या पीएचडीत ट्यूशन माफी आणि स्टायपेंड मिळणं ही रीतच आहे, त्यामुळे फंडिंगशिवाय आलेली ऑफर घेऊ नकोस. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावात सामील असलेली विद्यापीठं फंडिंगच्या ऑफरवर १५ एप्रिलपूर्वी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. तेवढ्या दिवसांत त्या ग्रुपमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोल: उन्हाळ्यात स्टायपेंड मिळतो का, गाईड किती वेळा भेटतात, आणि कुणी ग्रुप सोडला असेल तर का सोडला.