संगणक तापतोय? आधी खोलीचं तापमान वजा करा

प्रश्न : प्रोसेसर इंटेल आय५-१२४००, पंखा खोक्यात आलेलाच. जानेवारीत व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना तापमान ८० अंशांवर जायचं, आता मे महिन्यात ९७ वर जातं. खोलीत तेव्हा २४ अंश असायचे, आता ४१. एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि वीज दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक्स्पोर्टच्या वेळी प्रोसेसर ७५ वॉट खातो. दुकानदार म्हणतो पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळली, लिक्विड कूलर घ्या. घ्यावा का? (चंद्रपूर)

खोलीचं तापमान कळवलंत हे फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. ८० मधून २४ गेले, उरले ५६. ९७ मधून ४१ गेले, उरले ५६च. म्हणजे हीटसिंक (प्रोसेसरवरचा, उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा) जानेवारीत जेवढं काम करत होता तेवढंच आजही करतोय. पेस्ट वाळली असती किंवा पात्यांत धूळ बसली असती, तर हा फरक ६५-७० पर्यंत गेला असता. तुमच्या संगणकाला काही झालेलं नाही, चंद्रपुरात उन्हाळा आलाय एवढंच.

तरीही ९७ वर समाधान मानू नका. हा प्रोसेसर १०० अंशांना स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे तुम्ही अगदी काठावर आहात. खोली थंड करता येत नसेल तर ५६ चा फरक कमी करायचा.

पहिला उपाय फुकटचा आहे. या प्रोसेसरची मूळ मर्यादा ६५ वॉटची आणि टर्बोची, म्हणजे वाढीव वेगाची, ११७ वॉटची. बरेच मदरबोर्ड त्याला ६५ च्या वर कितीही वेळ राहू देतात. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) ‘लाँग ड्युरेशन’ आणि ‘शॉर्ट ड्युरेशन’ पॉवर लिमिट शोधा (काही बोर्डांवर नुसतं पीएल१ आणि पीएल२ असं लिहिलेलं असतं) आणि दोन्हीकडे ६५ भरा. उष्णता वॉटच्या प्रमाणात उतरते. ७५ ला ५६ अंशांचा फरक, तर ६५ ला साधारण ४८-४९. म्हणजे याच खोलीत ९७ ऐवजी ९० च्या आसपास. वेग मात्र त्या प्रमाणात घटत नाही, कारण टोकाच्या वेगासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि सगळ्यात जास्त वीज तिथेच जळते. एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढंच.

दुसरा उपाय टॉवर कूलरचा. चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला साधा कूलर दोन-अडीच हजारांत येतो. ७५ वॉटसाठी तो पुरून उरतो. घेण्याआधी दोन गोष्टी बघा. तुमचा प्रोसेसर ज्यात बसतो त्या एलजीए १७०० सॉकेटचं ब्रॅकेट खोक्यात हवं, जुन्या साठ्यात ते नसू शकतं. आणि हे कूलर १५०-१६० मिलिमीटर उंच असतात, अरुंद कॅबिनेटचं झाकण त्यावर बसत नाही. लिक्विड कूलरवर इथे पैसे घालवू नका. तोही शेवटी उष्णता त्याच ४१ अंशांच्या हवेत सोडतो, शिवाय बिघडायला एक पंप वाढतो.

तुमच्याकडे डेझर्ट कूलर असेलच. त्याने खोली थंड होते, म्हणून संगणकालाही फायदा होतो. पण त्याचं तोंड कॅबिनेटकडे वळवू नका. झोताबरोबर उडणारे तुषार बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे असतील, तर पाणी वाळतं आणि क्षार बोर्डावर राहतात.

प्रश्न : रायझेन ५ ५६००जी प्रोसेसरची पेस्ट बदलली, तर तापमान १२ अंशांनी वाढलं! पेस्ट नकली असेल का? (सांगली)

नकली पेस्टीनेही सहसा एवढा फरक पडत नाही. १२ अंश वाढले म्हणजे बहुधा कूलर नीट टेकलेला नाही.

तुमच्या कूलरला चार स्प्रिंग-स्क्रू असतील तर तोच पहिला संशयित. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात, तर तळ एका बाजूला उचलला जातो. चारही स्क्रू आधी दोन-तीन आटे धरतील एवढेच लावायचे. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांना अर्धा-अर्धा फेरा देत जायचं आणि स्क्रू आपोआप थांबला की थांबायचं. बोर्डामागची लोखंडी पट्टी मोकळी होऊन कलली असेल, तरी स्क्रू तिरके जातात. कॅबिनेट आडवं ठेवून आणि मागून पट्टीला हाताचा आधार देऊन काम करा. कूलर नवा असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढलीत का, तेही बघा. ती राहून जाणं अगदी नेहमीचं आहे.

कूलर पुन्हा काढण्याआधी संगणक दहा मिनिटं जड कामावर चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग तो बंद करा, प्लग काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळून सोडवा. सरळ वर ओढायचा नाही. तुमच्या बोर्डावरच्या एएम४ सॉकेटमधून प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. वाकलेली पीन सरळ करताना तुटली, तर प्रोसेसरच हातचा जाऊ शकतो.

कूलर उचलल्यावर पेस्टीचा ठसा वाचा. मधे पातळ आणि सगळीकडे सारखा असेल तर बसणी ठीक होती. एका कडेला जाड आणि दुसरीकडे चकाकता धातू दिसला, तर कूलर तिरका होता. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅनिटायझर नको, त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो. नवी पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी पुरे. ती बोटाने पसरत बसू नका, कूलरचा दाबच पसरवतो.

हे सगळं बरोबर निघालं तर पंख्याची वायर बघा. ती ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच हवी. कॅबिनेट फॅनच्या पिनांवर गेली असेल, तर प्रोसेसर तापला तरी पंखा निवांतच फिरत राहू शकतो.

प्रश्न : बाजूचं झाकण काढून ठेवलं की तापमान ८ अंशांनी उतरतं. तसंच उघडं ठेवलं तर? (नाशिक)

चाचणी म्हणून उत्तम, कायमचं नको. उघड्या बोर्डावर धूळ दुपटीने बसते आणि पाल शिरून पॉवर सप्लायजवळ शॉर्ट झाल्याची उदाहरणं दुरुस्तीवाल्यांना नवी नाहीत.

तुमच्या चाचणीतून कळतं ते हे की प्रोसेसरचा कूलर ठीक आहे, पण कॅबिनेटमध्ये हवा पुरेशी येत नाही. समोर पूर्ण काच किंवा बंद पत्रा असेल तर कारण तेच. समोर जाळीमागे दोन १२० मिलिमीटरचे पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढं बहुतेकांना पुरतं. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. नव्याने जोडलेल्या कॅबिनेटमध्येही एखादा पंखा उलटा बसवलेला सापडतो. कागदाचा कपटा समोर धरला की लगेच कळतं. आणि कॅबिनेटच्या मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

प्रश्न : धूळ व्हॅक्यूम क्लीनरने काढू का? (पणजी)

नको. त्याच्या प्लास्टिक नळीवर स्थिर वीज साठते. ब्लोअर वापरा, पण फूटभर लांबून आणि गॅलरीत. आधी प्लग काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. पंख्याची पाती बोटाने अडवूनच हवा मारा. झोताने भरधाव फिरलेला पंखा जनित्र बनून बोर्डाकडे उलटा विद्युतप्रवाह पाठवू शकतो, बेअरिंगही खराब होतं. पॉवर सप्लायला जाळीतून बाहेरूनच हवा मारा, तो उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहतं.

प्रश्न : नवा रायझेन ७ ७७००एक्स भारी कूलर लावूनही ९५ अंशांवरच जातो. परत करू का? (पुणे)

करू नका. पूर्ण भार आला की ९५ पर्यंत जायचं आणि तिथे टिकून जमेल तेवढा वेग काढायचा, अशीच एएमडीने त्याची रचना केली आहे. मोठा कूलर लावला तरी आकडा उतरेलच असं नाही, वेग थोडा वाढेल. खोली तापते किंवा पंख्याचा आवाज नको असेल, तर बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड निवडा. प्रोसेसरची कमाल ओढ १४२ वरून ८८ वॉटवर येते, आणि खेळांमध्ये तर फरक जाणवतही नाही.