वाचक विचारतात: बशीतलं आतडं आणि एआय

प्रश्न: बाबांना (वय ६८) मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, ऑपरेशन झालं, आता केमो सुरू व्हायचीय. मावसभावाने ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, त्यात म्हणे पेशंटच्या आतड्याचं छोटं मॉडेल लॅबमध्ये वाढवतात आणि एआय त्यावर औषधं लावून नेमकं औषध निवडतं. खरंय का हे? केमोसाठी थांबावं का?
– एक वाचक, कराड

उत्तर: शेवटचं आधी सांगतो, थांबू नका. डॉक्टरांनी तारीख दिलीय ती एका व्हिडिओपायी पुढे ढकलू नका. बाकीचं निवांत वाचा.

व्हिडिओतलं मॉडेल खरं आहे, त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबने उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळ पेशीपासून (स्टेम सेल, जिच्यापासून बाकीच्या पेशी तयार होतात) असं आतडं वाढवलं, माणसाचंही लवकरच जमलं. आतडं म्हणजे फार काही डोळ्यासमोर आणू नका हं, मोहरीहून लहान बुडबुडे असतात, जेलीच्या थेंबात लटकलेले. (ती जेली बऱ्याचदा उंदराच्या ट्युमरमधूनच काढतात, त्यामुळे ऑर्गनॉइडमुळे "प्रयोगातले प्राणी वाचले" वगैरे ऐकलं की मला जरा हसू येतं.)

याचा सगळ्यात छान उपयोग मला विचाराल तर सिस्टिक फायब्रोसिस या आजारात झालाय, हा जन्मजात आजार, यात पेशींमधून क्षार आणि पाणी नीट सुटत नाही. पेशंटच्या गुदाशयातून चिमूटभर तुकडा घ्यायचा, बुडबुडे वाढवायचे आणि त्यावर फोर्सकोलिन टाकायचं. हे फोर्सकोलिन मूळचं आपल्या माइनमुळ्यातलं बरं का, ज्याचं लोणचं घालतात तोच, आणि त्यावरचं बरंचसं सुरुवातीचं काम १९७० च्या दशकात मुंबईत होक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात झालं. तर निरोगी माणसाचे बुडबुडे तासाभरात भिजलेल्या साबुदाण्यासारखे टम्म फुगतात, कारण पेशींमधून क्षार आणि पाणी आत सुटतं, आणि आजार असला तर ढिम्म. मग औषध घालून परत बघायचं, फुगले तर त्या पेशंटला ते औषध लागू पडण्याची आशा.

आता एआय कुठे येतं? इथेच, मोजायला. एका थेंबात डझनावारी बुडबुडे, कोणी वर कोणी खाली, काही धूसर, काही एकमेकांना चिकटलेले, आणि दर काही मिनिटांनी नवा फोटो, आधी माणसं बसून माऊसने एकेकाची कड आखायची, डोळे जायची वेळ यायची. ते काम आता सॉफ्टवेअर झपाट्याने करतं. पण ते शिकतं माणसांनी आखलेल्या फोटोंवरूनच, आणि एका लॅबमध्ये शिकलेलं दुसरीकडे नेलं, मायक्रोस्कोप वेगळा, उजेड वेगळा, की मेलेल्या पेशींच्या कचऱ्यालाही बुडबुडा म्हणू शकतं. तेव्हा "एआय औषध निवडतं" हे जरा जास्तच झालं, औषध लागू पडतं का ते बुडबुडा सांगतो आणि एआय त्याची मोजपट्टी धरतं.

कॅन्सरमध्येही करून बघितलंय. लंडनच्या रॉयल मार्सडेन या कॅन्सर हॉस्पिटलचा २०१८ चा अभ्यास गाजला, आतड्याच्या आणि जठराच्या पसरलेल्या कॅन्सरचे ऑर्गनॉइड केले, जे औषध बशीत (म्हणजे लॅबमधल्या ऑर्गनॉइडवर) चाललं नाही ते त्या पेशंटमध्येही चाललं नाही, १०० टक्के. चाललं त्यातलं ८८ टक्के पेशंटमध्येही चाललं. आकडे भारीच, पण पेशंट मोजकेच होते. शिवाय ट्युमर बशीत वाढायला काही आठवडे लागतात, प्रत्येकाचा वाढतोच असं नाही, आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात की प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात. डॉक्टरांना अवश्य विचारा, अशी एखादी ट्रायल सुरू आहे का म्हणून, पण केमो चालू ठेवून.

प्रश्न: बशीतल्या मेंदूला जपानी कळतं असं वाचलं. हे काय?
– कॉलेजातला विद्यार्थी, नाशिक

उत्तर: कळत बिळत नाही रे. २०२३ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या टीमने मेंदूचा ऑर्गनॉइड इलेक्ट्रोडवर ठेवला आणि आठ जणांनी उच्चारलेल्या जपानी स्वरांच्या २४० क्लिप विजेचे ठोके करून त्याला दिल्या. कोण बोलतंय एवढंच ओळखायचं होतं. आधी निम्म्याच्या आसपास बरोबर यायचं, सरावानंतर ७८ टक्क्यांपर्यंत गेलं. त्यातही ऑर्गनॉइडने नुसता सिग्नल फिरवून परत दिला, तो वाचून "हा अमुक माणूस" असं म्हणणारा कॉम्प्युटरच होता.