जुनी डीडीआर३ (जुन्या पिढीची) रॅम खराब झालीये, बिलही हरवलंय, वॉरंटीत बदलून मिळेल का?

मिळू शकते, नुसती जुनी आहे म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याच ब्रँडेड रॅमला लाइफटाइम वॉरंटी असते, आणि तुम्ही म्हणताय बिल हरवलंय, तरी आधी स्टिकरवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, काही कंपन्या त्यावरच वॉरंटी सांगतात. स्टिकर मात्र अजिबात काढू नका, तो फाटला की क्लेम गेलाच समजा.

पण पाठवायच्या आधी रॅमच खराब आहे ना ते नक्की करा. सोनेरी पिना खोडरबरने हलक्या हाताने पुसा, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा ओव्हरक्लॉक, म्हणजे रॅम नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, असेल तर बंद करा, मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावा, एका वेळी एकच स्टिक (रॅमची पट्टी), आणि एरर आली तर तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून परत बघा, कारण कधीकधी दोष मदरबोर्डच्या स्लॉटचा असतो आणि बिचारी रॅम उगाच बदनाम होते. लाल एरर दिसल्या की मोबाइलवर फोटो काढून ठेवा, क्लेमला जोडता येतो.

दोन स्टिकचा किट घेतला असेल तर बहुतेक दोन्ही मागतात, म्हणजे मधले काही दिवस मशीन बंद. तेवढ्यापुरती एखादी सेकंडहँड डीडीआर३ पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधा, पण दुकानातच लावून चालवून बघा. लॅपटॉप असेल तर १.३५ व्होल्टवालीच मागा, बऱ्याच लॅपटॉपना १.५ वाली चालत नाही.