स्केटबोर्डवर नवी ट्रिक करताना पाय थिजतात, ही भीती कशी घालवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 23, राहणार परभणी, व्हिडिओ पाहून स्केटबोर्ड शिकताय. चालत्या बोर्डवर ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डसकट उडी, जमते. किकफ्लिप, म्हणजे त्याच उडीत पायाच्या झटक्यानं बोर्ड लांबीभोवती पूर्ण फिरवणं, ती मारताना मात्र पुढचा पाय बोर्डवर यायच्या ऐवजी दरवेळी जमिनीवर जातो. मित्रांनी बनवलेल्या रॅम्पवर ड्रॉप-इनला, म्हणजे वरच्या काठावरून बोर्डसकट उतारावर उतरायला, उभं राहिलं की पाय थिजतात. भीती कशी घालवायची आणि आता वय झालंय का, असं तुम्ही विचारलंय.

वयाचं आधी उरकून घेतो. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डच्या पार्क (वाडग्यासारख्या खोलगट जागेतल्या) प्रकारात उतरलेली चीनची चेंग हाओहाओ 11 वर्षांची होती. त्याच प्रकारात पुरुषांमध्ये उतरलेला ब्रिटनचा अँडी मॅकडोनाल्ड 51 वर्षांचा होता. त्यामुळे 23 ची काळजी सोडा. लेकरं लवकर शिकतात हे खरं आहे, पण त्यांचं वजन कमी, उंची कमी, म्हणून ती पडतातही हलकी. शिवाय हात मोडला तर पगार बुडेल, गाडी चालवता येणार नाही, हे हिशेब त्यांच्या डोक्यात नसतात. तुमच्या डोक्यात असतात आणि ते असायलाच पाहिजेत.

मी लातूरचा. पुण्यात शिकायला असताना हा नाद लागला आणि परत आल्यावर इथल्या लेकरांना शिकवायला लागलो. त्यांच्याकडे पाहून माझं मत पक्कं झालंय की "हिंमत कर", "डोळे मिटून मार" असं ओरडून कुणाची भीती जात नाही. पडणं ओळखीचं झालं की भीती आपोआप उतरते. प्रत्येक ट्रिकचं आपलं एक ठरलेलं पडणं असतं. ऑली मारून ओट्यावर चढताना पुढची चाकं कडेला अडकली की माणूस तोंडावर जातो. मॅन्युअलमध्ये, म्हणजे दोनच चाकांवर तोल धरून जाताना, बोर्ड पुढे निसटतो आणि आपण मागे बसतो. शव्हिट, म्हणजे पायाखाली बोर्ड आडवा अर्धी गिरकी फिरवणं, ती अर्धवट फिरली की पाय तिरप्या बोर्डवर पडून घसरतो. जी ट्रिक शिकायची आहे तिचं पडणं आधी शिकून घ्या, तेही मुद्दाम, सावकाश.

ड्रॉप-इनमध्ये माणूस बहुतेक वेळा मागे पडतो. टेल (बोर्डचं मागचं टोक) रॅम्पच्या काठावरच्या पाइपवर दाबलेली, बोर्डचं पुढचं टोक हवेत आणि समोर उतार. शरीर आपसूक मागे झुकतं, कारण मागची सपाट जागा त्याला सुरक्षित वाटते. वजन मागे राहिलं की पुढची चाकं रॅम्पला नीट टेकतच नाहीत, बोर्ड पायाखालून सटकतो आणि माकडहाड नाहीतर कोपर आपटतं. जपण्यासाठी आपण जे करतो त्यानंच आपण पडतो. हे एकदा समजलं की मागे झुकायचा मोह बराच कमी होतो.

आमच्याकडे आठवीतली एक मुलगी याच जागी अडकली होती. दोन्ही हात माझ्या हातात, मागचा पाय टेलवर, पुढचा पाय पुढच्या चाकांच्या बोल्टच्या वर नुसता ठेवलेला, दाबलेला नाही. बोटं इतकी आवळलेली की माझे हात दुखायला लागले. बोर्ड बाजूला काढला. गुडघ्यांना पॅड बांधून तिला रॅम्पवरून गुडघ्यांवर घसरत खाली यायला लावलं, परत परत, हसू येईपर्यंत. मग रॅम्पच्या काठावर नुसतं उभं करून पुढे झुकायला लावलं आणि तोल गेला की मी धरायचो. त्यानंतर बोर्ड दिला आणि एकच सांगितलं, "पुढचा पाय असा आपट की चाकांचा आवाज मला ऐकू आला पाहिजे." पहिल्यांदा आवाज आलाच नाही, ती माझ्या अंगावर आली. पुढच्या खेपेला खाट्कन आवाज झाला आणि काय झालं ते कळायच्या आत ती खाली सपाटीवर पोहोचलेली. तशीच पळत परत वर आली. मग एक हात, मग नुसतं बोट, मग तेही नाही.

हा आवाजाचा उपाय तुम्ही जरूर करून बघा. "वजन पुढे टाक" म्हटलं की डोकं विचार करत बसतं, "आवाज काढ" म्हटलं की पाय आपटतो. खांदे बोर्डच्या दिशेत ठेवा, म्हणजे उतारासोबत तेही झुकले पाहिजेत. गुडघे वाकलेले. नजर रॅम्प संपतो त्याच्या पुढे, पायाकडे नाही.

अनुभवी माणसंही आधी पडणंच शिकतात. अमेरिकेचा नावाजलेला स्केटबोर्डर टोनी हॉक यानं 1999 च्या एक्स गेम्स या स्पर्धेत पहिल्यांदा 900 मारली, म्हणजे हवेत अडीच गिरक्या. त्या संध्याकाळी तो 11 वेळा पडला आणि बाराव्या वेळी उतरला. त्याआधीच्या वर्षांत या ट्रिकपायी त्याची बरगडीही मोडली होती. इतक्या उंचावरून इतक्यांदा पडून तो परत वर चढू शकला, कारण उभ्या रॅम्पवर गुडघ्यांच्या पॅडवर घसरत खाली येणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. जिद्द तर होतीच. पण नुसत्या जिद्दीवर दुसऱ्याच पडण्यात हॉस्पिटल गाठावं लागलं असतं.

पडण्याची तयारी झाली की पुढचा भाग येतो आणि त्यात मधलं काही चालत नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्याला हे लगेच समजेल. पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून कितीही दिवस हातपाय मारा, पण काठावरून उडी घ्यायची तर लांब घ्यावी लागते. ऐनवेळी कच खाल्ली तर माणूस पाण्यात न पडता कडेच्या दगडावर आपटतो. ड्रॉप-इन तसंच आहे. अर्धा पाय दाबला तर नक्की पडणार, पूर्ण दाबला तर बहुतेक उतरणार. म्हणून काठावर फार वेळ उभं राहू नका. टेल ठेवा, पाय ठेवा, एक श्वास सोडा आणि आपटा. जितका वेळ उभे राहाल तितके पाय ताठ होतात. आज मन धजत नसेल तर बोर्ड उचलून सरळ खाली या आणि दुसरं काहीतरी करा. अर्धवट मारण्यापेक्षा न मारणं बरं.

आता किकफ्लिप. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, यात निम्मी भीती आहे आणि निम्मं तंत्र. बऱ्याच जणांचा पुढचा पाय खालच्या दिशेनं झटका देतो. पाय खाली मारला तर तो जमिनीवरच जाणार, त्यात भ्यायचा प्रश्नच नाही. झटका नोजच्या (बोर्डच्या पुढच्या टोकाच्या) टाचेकडच्या कोपऱ्यावरून बाहेर आणि थोडा पुढे सुटला पाहिजे, आणि लगेच गुडघा वर ओढून घेतला पाहिजे, म्हणजे खाली बोर्डला फिरायला जागा मिळते. मोबाइल जमिनीलगत कडेला ठेवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. गुडघा वर येतोय का, खांदे समोर उघडतायत का, एवढंच पाहा. खांदे उघडले की बोर्ड पुढे जातो आणि तुम्ही मागे उतरता.

उरलेली भीती खरी असते. बोर्ड आपल्याच कडेवर उभा राहिला आणि त्यावर पाय पडला, तर घोट्याला आणि तळव्याला जबर लागतं. एकदा लागलं की पाय ते विसरत नाही. म्हणून आधी निसटणं शिका. मुद्दाम झटका मारायचा, बोर्ड लाथेनं दूर लोटायचा आणि दोन्ही पायांवर जमिनीवर उतरायचं. बोर्ड नीट फिरत नाही हे हवेत असतानाच दिसलं, तर पाय बाजूला काढायचे, हे असं करून पायांना कळतं. मग गेटला किंवा कठड्याला धरून मारा आणि उतरताना दोन्ही पाय बोर्डवर आणायचेच असं ठरवा. हातांवर थोडं वजन असलं की ते जमतं. धरायला काही नसेल तर हिरवळ किंवा जुनी जाड सतरंजी घ्या, बोर्ड पळत नाही. काही जण एका पायानं उतरायचा सराव करतात, एक दिवस फक्त मागचा पाय बोर्डवर, दुसऱ्या दिवशी फक्त पुढचा. मला ही पद्धत आवडते, कारण अडलेला पाय कोणता ते स्पष्ट कळतं. तुमच्या बाबतीत तो पुढचा आहे, तेव्हा त्याच्यावरच वेळ घालवा. मात्र जागेवर थांबलेल्या बोर्डवर फार दिवस अडकून राहू नका. चालण्याच्या वेगानं बोर्ड पुढे जात असला की तोल उलट बरा सांभाळला जातो.

तुमच्याकडे स्केटपार्क नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. सपाट जमिनीवरची ऑली आणि किकफ्लिप 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मलन या अमेरिकी स्केटबोर्डरनं बसवल्या. तो फ्लोरिडात शेतावरच्या घरात वाढला, गॅरेजमध्ये एकट्यानं तासन्‌तास सराव करत.

काही भीती मात्र घालवायची नाही, ऐकायची. आम्ही सुट्टीच्या दिवशी मोंढ्यातल्या शेडखाली जातो. सिमेंटची जमीन छान गुळगुळीत, पण हंगामात तिथं सोयाबीनचे दाणे सांडलेले असतात. एक दाणा चाकाखाली आला की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढे जातो. ट्रिकसाठीची चाकं लहान आणि कडक असतात, साधारण 52 ते 54 मिलिमीटर व्यासाची आणि 99ए कडकपणाची, त्यामुळे दाणा काय, बारीक खडीही त्यांना अडवते. म्हणून आमच्याकडे झाडू बोर्डाइतकाच महत्त्वाचा. शहाबादी फरशीवर सांधे तपासा, रुंद सांध्यात चाक अडतं. जमीन पाहून मन कचरत असेल तर त्याचं बरोबर आहे. पाय थकून गुडघे वाकेनासे झाले, उजेड कमी झाला, तर "शेवटचं एकदा" म्हणू नका. मी लेकरांना पाणी प्यायला बसवतो आणि बोर्ड गोळा करतो, ती कितीही रुसली तरी. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उरका.

हेल्मेट स्केटबोर्डचं घ्या. ते डोक्याच्या मागच्या बाजूला खाली उतरतं आणि ड्रॉप-इनमध्ये मागेच पडायला होतं. गुडघ्याचे पॅड आणि मनगटाचे गार्ड घ्या. पडताना हात ताठ करून तळव्यावर सगळं वजन घेऊ नका, मनगट तिथंच मोडतं. कोपर आणि गुडघे सैल सोडून खांद्यावरून लोळण घ्या. घरी गादीवर ही लोळण रोज घ्या, दोन्ही बाजूंनी. पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळगीत दाबून दुखत असेल तर मुरगळलंय म्हणून तेल चोळत बसू नका. तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, म्हणून दुखणं राहिलं तर पुन्हा दाखवा. डोक्याला मार लागून उलटी, चक्कर, गुंगी असं काही झालं तर लगेच दवाखाना.

लोकांची भीती तुम्ही लिहिली नाही, पण परभणीत ती असणारच. बोर्ड खाली ठेवला की माणसं जमतात, मोबाइल निघतात आणि नवी ट्रिक अशा वेळी हमखास घाईत मारली जाते. गर्दीसमोर जमलेल्याच ट्रिक करा, नवीन काही पहाटे किंवा शेडच्या मागच्या बाजूला. घरचे पोरखेळ म्हणत असतील तर त्यांना सांगा की 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत हा खेळ होता आणि पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं त्यात सुवर्णपदक मिळवलं.

तुमचा रॅम्प किती उंच आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कमरेइतका असेल तर पहिल्या ड्रॉप-इनसाठी तो नको. आधी दोन फुटांचा, सौम्य वळणाचा एक करून घ्या. वर दोन्ही पाय नीट मावतील इतका सपाट ओटा हवा. प्लाय एका जाड थराऐवजी दोन पातळ थरांत ठोका, वळण एकसारखं येतं. स्क्रूची डोकी आत बुडवा. काठाला फॅब्रिकेशनवाल्याकडून जीआय पाइप बसवून घ्या, प्लायपासून पाव ते अर्धा इंच वर राहील असा. जिथं प्लाय जमिनीला मिळतो तिथं पातळ पत्रा लावा, नाहीतर चाकं त्या कडेला अडतील. आणि रॅम्पची पाठ भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे पाय आपटताना तो मागे सरकणार नाही.