रेट दिवसाचा, हिशेब महिन्याचा

वाचकांचे प्रश्न : गाडी, रस्ता आणि रोजी

प्रश्न : मी 36 वर्षांचा आहे, नागपूरकडे हिंगण्याजवळ राहतो, चौदाचाकी चालवतो. सध्या एका सेठकडे महिना 17,000 पगार आणि गाडी रस्त्यावर असेल त्या दिवसाचा 250 रुपये भत्ता मिळतो. बुटीबोरीकडच्या गोदामांना ड्रायव्हर पुरवणारी एक एजन्सी दिवसाला 950 देते म्हणते. त्यांचा माणूस म्हणाला, 26 ड्युट्या धरल्या तर 24,700 होतात. मित्र म्हणतात जा, घरचे म्हणतात नको. एजन्सीत काम बारा महिने मिळतं का?
— एक ड्रायव्हर, हिंगणा रोड

उत्तर : भाऊ, 950 कडे नंतर बघू, आधी त्या 26 कडे बघा.

मी बरीच वर्षं स्टिअरिंगवर काढली आणि पुढे वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून ड्रायव्हर लोकांचे हिशेब लिहिले. त्या टेबलावर रेटवरून भांडण क्वचित व्हायचं. उभ्या गाडीच्या दिवसांवरून मात्र नेहमीच व्हायचं. गाडी शनिवारी दुपारी गोदामाच्या गेटवर लागते. आतून निरोप येतो, हमाल गेले. रविवारी बंद. सोमवारी नंबर लागतो आणि संध्याकाळी गाडी खाली होते. दोन रात्री ड्रायव्हर केबिनमध्ये. सोडून जाता येत नाही, कारण ताडपत्री, डिझेल, बॅटरी, माल, सगळ्याची राखण त्याच्याच अंगावर. आणि हिशेबाच्या कागदावर शनिवारची एक ड्युटी, सोमवारची एक ड्युटी, रविवारच्या रकान्यात आडवी रेघ. त्या रेघेचे पैसे कोण देणार, हे एजन्सीला पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर देताना माणूस चाचरला तर समजून घ्या.

आता तुमचाच हिशेब मांडू. सेठकडे 17,000 बांधलेले आहेत, गाडी चालो की उभी राहो. एजन्सीच्या 950 वर तेवढेच हातात यायला 18 ड्युट्या लागतात. पण हे भत्ता वेगळा मिळत असेल तर. भत्ता त्या 950 च्या पोटातच असेल, तर दिवसाचे 250 जेवण-चहा-अंघोळीत गेले आणि उरले 700. मग 17,000 गाठायला 25 ड्युट्या हव्यात. म्हणजे 26 पैकी दोन ड्युट्या जरी पडल्या नाहीत, तरी तुम्ही आजच्यापेक्षा खाली. बोलताना एजन्सीचा माणूस ‘सगळं मिळून’ म्हणाला होता का, ते आठवून बघा.

काम बारा महिने असतं, पण सारखं नसतं. नागपूरची जागाच अशी आहे की गाड्या थांबत नाहीत : उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 आणि पूर्व-पश्चिम जाणारा 53 इथेच एकमेकांना कापतात. पोळ्यानंतर दिवस फिरतात. दिवाळीच्या आधी गोदामांतून माल निघतो, ऑक्टोबरपासून काटोल-वरुडकडचा आंबिया बहाराचा संत्रा, मग भंडारा-गोंदियाचा धान आणि तांदूळ, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहार आणि त्यालाच जोडून मार्चअखेरची घाई. पावसाळ्यात उलटं. खाणीत पाणी, कोळसा मंद. रेतीचे घाट बंद. बांधकाम मंद म्हणून चंद्रपूरकडचं सिमेंटही मंद. जून ते सप्टेंबर एजन्सी फोन उचलते, पण ‘कळवतो’ म्हणते. मालक आपल्या पगारी ड्रायव्हरला आधी काम देतो आणि एजन्सीच्या माणसाला उरलेलं. त्यात नवल नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या पोरांच्या फार लक्षात येत नाही. या रस्त्यावर यूपी-बिहार-झारखंडचे ड्रायव्हर खूप आहेत. होळी, छठ आणि मे महिन्यातली लग्नं या वेळी ते गावाला जातात, मालकांच्या गाड्या उभ्या राहतात आणि बदली ड्रायव्हरला तोंडाने मागेल तो रेट मिळतो. एजन्सीशी ओळख ठेवायची ती या दिवसांसाठी. पण त्या पंधरवड्याचा रेट वर्षाचा समजून घर चालवायला घेऊ नका. अशा हिशेबावर मोटरसायकलचा हप्ता बांधून श्रावणात उचल मागायला आलेली चांगली चांगली माणसं मी बघितली आहेत, आणि उचल घेतली की रेट बोलायचं तोंड राहत नाही.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एजन्सी त्याचं नाव घेईलच. 701 किलोमीटरचा तो रस्ता 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला. मुंबई जवळ आली, गाडीच्या फेऱ्या वाढल्या. ट्रिपवर पैसे मिळत असतील तर ड्रायव्हरचा फायदा. दिवसावर मिळत असतील तर तेच अंतर कमी दिवसांत, म्हणजे तेवढ्याच कामाचे कमी पैसे, आणि वर पुढची ट्रिप लगेच लावायची घाई. जड गाडीला तिथे ताशी 80 ची मर्यादा आहे. सरळ रस्ता, रात्र आणि झोप न झालेला ड्रायव्हर, याच्याइतकी मला कशाचीच धास्ती वाटत नाही. लांबच्या ट्रिपला दुसरा ड्रायव्हर आहे का आणि दोघांना पूर्ण रेट आहे का, तेही विचारा. दोघांत एक रेट वाटून देणाऱ्या एजन्सीकडे जाऊ नका.

कागदाचं बोलू. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं मालकावर बंधन आहे. ते मागा. त्यावर चार ओळी हव्यात : दिवसाचा रेट, भत्ता आत की बाहेर, गाडी उभी राहिली तर किती, आणि महिन्याला कमीत कमी किती ड्युट्यांची हमी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याची 7 तारीख उलटायच्या आत मिळायला हवा. काम सोडलं तर सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत. एजन्सीने पैसे बुडवले तर ज्याच्या आस्थापनेत तुम्ही राबलात त्याच्यावर ते देण्याची जबाबदारी येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातही हे होतं, वेतन संहितेतही आहे. म्हणून गाडी कोणाची, माल कोणाचा, हे वहीत लिहीत जा. नुसतं ‘एजन्सीची ड्युटी’ असं लिहून उपयोग नाही.

कपात हे दुसरं दुखणं. अ‍ॅव्हरेज कमी आलं म्हणून डिझेल, पोतं फाटलं म्हणून शॉर्टेज, टायर फुटला म्हणून टायर. हिशेबाच्या दिवशी ड्रायव्हर थकलेला असतो, घरी जायचं असतं, तो सही करतो. नुकसानीची कपात करायची तर आधी कामगाराला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, असं कायदाच म्हणतो. आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. पीएफमध्ये तुमचे 12 टक्के तुमच्या पगारातून आणि मालकाचे 12 टक्के मालकाच्या खिशातून. काही एजन्स्या दोन्ही तुमच्याच 950 मधून काढतात आणि ‘पीएफ देतो’ म्हणून सांगतात. हे चालत नाही. यूएएन नंबर (पीएफ खात्याचा तुमचा कायमचा नंबर) घ्या, उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून बघा, पैसे खरंच जमा होताहेत का. नसतील तर रघुजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात अर्ज द्या. पगाराची तक्रार सिव्हिल लाइन्सच्या कामगार कार्यालयात.

ओरिजिनल लायसन एजन्सीकडे ठेवू नका. ‘जमा राहील’ असं कोणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. डिजिलॉकरमधलं लायसन तपासणीत चालतं, झेरॉक्स त्यांना देऊन टाका. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नाही म्हणजे नाही. काट्यावर वजन जास्त दिसलं तर गाडी काढू नका : ओव्हरलोडला 20,000 दंड आणि वर दर जादा टनाला 2,000, आणि चालवणाराही त्यात सापडतो.

माझं मत विचाराल तर, 22 ड्युट्यांची हमी आणि भत्ता बाहेर, हे लिहून देत असतील तर जा. 22 ड्युट्यांचे 20,900 होतात, आणि 21,000 पर्यंत पगार असला की ईएसआयही (कामगारांची सरकारी विमा योजना) लागू होतो, म्हणजे घरच्यांचा दवाखाना सुटतो. लिहून देत नसतील तर सेठकडेच राहा आणि पोळ्याआधी त्याच्याकडे पगारवाढ मागा. हातात एजन्सीचा रेट आहे, हंगाम तोंडावर आहे, मागायची वेळ तीच.

प्रश्न : माझे मिस्टर एजन्सीमार्फत टँकर चालवतात. गेल्या महिन्यात देवलापारजवळ अपघात झाला, पायात रॉड टाकला आहे. एजन्सी म्हणते गाडीमालकाला विचारा, मालक म्हणतो माणूस एजन्सीचा. पगार रोख मिळायचा. आम्ही कोणाकडे जायचं?
— एक वाचक, कामठी

उत्तर : ताई, दोघांकडेही, आणि दोघांनाही लेखी. कंत्राटदारामार्फत काम करून घेतलं तरी कामावर झालेल्या इजेची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. 1923 पासून कायदा हेच सांगतो आणि आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. त्यांचं एकमेकांकडे बोट दाखवणं तुम्ही ऐकून घ्यायची गरज नाही.

पहिल्यांदा बघा की त्यांचा ईएसआय कापला जायचा का. कापला जात असेल तर नागपुरातल्या ‘सोमवारी पेठ’ भागातल्या ईएसआय दवाखान्यात जा. उपचारही तिथे आणि कामावर जाता येत नाही त्या दिवसांचे पगाराच्या 90 टक्के पैसेही. कापला जात नसेल तर दवाखान्याची बिलं आणि भरपाई मालकाकडून. गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरची जबाबदारी धरलेली असते, म्हणून पॉलिसीची प्रत मागा. कोणी 15 लाखांच्या अपघात विम्याचं नाव घेतलं तर सांगते, माफ करा, तो गाडी स्वतः चालवणाऱ्या मालकासाठी असतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

पगार रोख होता म्हणून खचू नका, पण आजच्या आज पुरावे एका पिशवीत ठेवा. एफआयआरची प्रत, ट्रिपची बिल्टी (माल चढवल्याची पावती), काट्याच्या चिठ्ठ्या, डिझेलच्या पावत्या आणि मिस्टरांच्या फोनमधले ‘गाडी कुठे पोचली’ विचारणारे मेसेज. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. त्या मेसेजवर तारीख आहे, गाडी नंबर आहे आणि काम सांगणाऱ्याचा नंबर आहे. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात आधी विचारा, तुमच्या उत्पन्नात बसत असेल तर वकील मोफत मिळतो. समझोत्याचा कागद घेऊन कोणी घरी आलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय मिस्टरांचा अंगठा की सही, काहीही नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा. पाय बरा व्हायला वेळ लागतो, त्यांनी घाईने क्लचवर ठेवू नये.

प्रश्न : माझं वय 21, कारचं लायसन दोन वर्षांपूर्वी काढलं. मोठी गाडी शिकून एजन्सीत लागायचं आहे. सुरुवात कुठून करू?
— एक तरुण वाचक, काटोल

उत्तर : छोट्या गाडीपासून कर. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला तुझं हलक्या वाहनाचं लायसन पुरतं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. काटोलहून कळमना मार्केटला संत्रा नेणारा टेम्पो धर. मागे घेणं, माल बांधणं, पहाटे गर्दीत गाडी लावणं, सगळं त्यात शिकशील. जड वाहनाच्या लायसनसाठी वय 20 आणि हलक्या वाहनाचं लायसन किमान वर्षभर जुनं लागतं, तुझं दोन्ही झालं आहे, तेव्हा अर्ज आत्ताच टाक. पुढे टँकर चालवायचा विचार असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण करून लायसनवर नोंद करून घे. ती नोंद असलेले ड्रायव्हर कमी असतात, म्हणून पावसाळ्यातही त्यांना फोन येतो. आणि पहिली गाडी घेऊन निघशील त्या दिवसापासून वही लिही : तारीख, गाडी नंबर, कुठून कुठे, किती वाजता लागली, किती वाजता खाली झाली, किती पैसे ठरले, किती मिळाले.