विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप आहे, नवा प्रिंटर चालत नाही. विंडोज ११ टाकू का?

तुमची अडचण मी अशी समजलो: टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. २०१२ च्या सुमाराचा तिसऱ्या पिढीचा आय-३, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ३२-बिट विंडोज ७. नवीन वायफाय इंक-टँक प्रिंटर घेतला, त्याचा ड्रायव्हर (संगणकाला ते उपकरण चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) लागत नाही. क्रोम अपडेट होत नाही. संगणकवाला म्हणतो, फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकतो. पण जुनी लॉकवाली श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर; लॉक म्हणजे संगणकाला लावायचा छोटा तुकडा, तो असेल तरच ते चालतं) आणि कॅननचा जुना लेसर प्रिंटर एलबीपी २९०० बंद पडून चालणार नाहीत.

माझं मत: या मशीनवर ११ टाकून घेऊ नका. आणि तूर्तास फॉरमॅट तर अजिबात मारू देऊ नका.

११ साठी मायक्रोसॉफ्टची अट ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढची आहे, वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना ओएसची तपासणी) लागतं. ओएस म्हणजे विंडोजसारखी मूळ प्रणाली. तुमचं मशीन यात बसत नाही. रूफस नावाच्या फुकट साधनाने पेनड्राइव्ह बनवला की या तपासण्या वगळून ११ बसवता येतं, आणि तुमचा संगणकवाला बहुधा तेच करणार आहे. ते चालूही होईल. त्याहून जुना कोअर टू ड्युओ प्रोसेसर असता तर ११ ची २०२४ ची आवृत्ती सुरूच झाली नसती, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरला कळत नाहीत. तुमच्या आय-३ ला कळतात. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मोठी नवी आवृत्ती आली की हाच खटाटोप परत करावा लागतो. दुकानाच्या मशीनवर असली उसनवारी मला पटत नाही.

आता मुद्द्याचं. ओएस नवी केली की सगळी उपकरणं चालायला लागतात असा समज आहे, तो अर्धाच खरा. उपकरण चालतं ते ड्रायव्हरवर. जुन्या ओएससाठी नव्या उपकरणाचा ड्रायव्हर कंपनी लिहीत नाही, तसाच नव्या ओएससाठी जुन्या उपकरणाचाही लिहीत नाही. म्हणजे एका बाजूने प्रिंटर मिळवाल आणि दुसऱ्या बाजूने लॉक घालवून बसाल. म्हणून नवं काय चालवायचंय याच्या आधी जुनं काय सोडता येणार नाही ते बघा. तुमच्या बाबतीत ते लॉक आहे.

३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही, आणि ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. एलबीपी २९०० ची काळजी नको, त्याचा ६४-बिट ड्रायव्हर कॅननकडे आहे आणि विंडोज १० वर तो बिनतक्रार चालतो. लॉकचं मात्र सांगता येत नाही. ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं त्यांना फोन करून एकच विचारा: या लॉकचा ६४-बिट विंडोज १० साठी ड्रायव्हर आहे का? लॉक यूएसबीचा नसून जुन्या प्रिंटर पोर्टचा असेल तर आशा कमी धरा.

प्रिंटरसाठी ओएस बदलायची गरज असेलच असंही नाही. कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल टाकून ‘विंडोज ७, ३२-बिट’ निवडून बघा. डब्यातल्या सीडीवर नसलेला ड्रायव्हर तिथे कधी कधी मिळतो. (वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमचं विंडोज ७ जर ६४-बिट असेल आणि ड्रायव्हर त्याच्या डिजिटल सहीच्या कारणावरून नाकारला जात असेल, तर २०१९ मध्ये आलेलं केबी४४७४४१९ हे अपडेट आहे का ते पाहा. नव्या पद्धतीची सही ओळखायला विंडोज ७ ला असं अपडेट लागतं.)

नाहीच मिळाला, तरी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. आजच्या बऱ्याचशा वायफाय प्रिंटरना स्वतःचा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. ते आयपीपी नावाची सामाईक भाषा बोलतात. अँड्रॉइड फोनला ती येते, आयफोनला येते, विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांना येते, लिनक्सलाही येते. विंडोज ७ ला तेवढी येत नाही. तेव्हा प्रिंटरला यूएसबी लावून बसू नका, दुकानाच्या राउटरवर घ्या. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर पाठवतं ते आधार कार्ड किंवा सातबारा फोनवरून थेट छापा. श्रीलिपीतला मजकूर छापायचा तर जुन्या संगणकावर पीडीएफ बनवून फोनवर घ्या. विंडोज ७ मध्ये पीडीएफ बनवणारा प्रिंटर अंगचा नसतो, वेगळा टाकावा लागतो, पण ते पाच मिनिटांचं काम आहे. निदान आजचा धंदा अडणार नाही.

क्रोमला मात्र असा आडमार्ग नाही. विंडोज ७ साठी त्याची शेवटची आवृत्ती १०९, फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून दार बंद. विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट तर १४ जानेवारी २०२० लाच थांबली. त्यावर गिऱ्हाइकांचे ओटीपी आणि बँकेचे व्यवहार करणं बरं नाही. ओएस बदलण्याचं खरं कारण हे आहे, प्रिंटर नव्हे.

मग करायचं काय? एक साटा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लागणारी वेगवान डिस्क) घ्या, अडीच इंची. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घेऊ नका, तुमच्या बोर्डावर त्याची जागा नाही. डीडीआर३ रॅम ८ जीबी करा. ३२-बिटमुळे आत्ता आहे त्या ४ जीबीतलीसुद्धा पूर्ण वापरली जात नाही. आता महत्त्वाचं: जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नवी ओएस फक्त एसएसडीवर टाका. काही बिनसलं तर केबल बदलायची की तुमचं विंडोज ७, श्रीलिपी, लॉक सगळं जसंच्या तसं उभं. ३२ वरून ६४-बिटवर जाताना नाहीतरी सगळं नव्यानेच टाकावं लागतं, त्यामुळे यात तोटा काही नाही.

एसएसडीवर काय टाकायचं? लॉकचा ड्रायव्हर मिळाला तर ६४-बिट विंडोज १०. तिची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, पण घरगुती वापरासाठी नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवायची सोय आहे. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. विंडोज ७ ची की (परवान्याचा क्रमांक) टाकून १० चालू करायची जुनी वाट २०२३ मध्ये बंद झाली. ऑनलाइन चार-पाचशेला मिळणाऱ्या की बऱ्याचदा कंपन्यांच्या सामूहिक परवान्यातल्या असतात आणि केव्हाही बंद पडू शकतात. थोडक्यात, विंडोज १० ची ही सोय फार काळ पुरणारी नाही.

दुसरा पर्याय लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ओएस. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती या मशीनवर विंडोजपेक्षा हलकी चालेल. नवा प्रिंटर, फोन, ताजा ब्राउझर सगळं मिळेल. आणि टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून नुसती चालू करून बघता येते, हार्ड डिस्कला हातही न लावता. तासभर प्रिंटर जोडून बघा, काय चालतं ते डोळ्यांसमोर येईल. पण श्रीलिपी तिथे धरू नका, आणि एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणं म्हणजे डोक्याला ताप. कॅननच्या त्या जुन्या ड्रायव्हरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

तुमच्या जागी मी असतो तर लॉकवालं मशीन इंटरनेटची केबल काढून आहे तसं ठेवलं असतं, फक्त टायपिंग आणि एलबीपीसाठी. ऑनलाइन कामांना कंपन्यांमधून निघालेला आठव्या पिढीचा वापरलेला डेस्कटॉप घेतला असता. त्यावर ११ रीतसर चालते आणि बऱ्याचदा विंडोजचा परवाना मशीनमध्येच असतो. घेताना टीपीएम चालू करून दाखवायला सांगा आणि बिल घ्या.

लॉक यूएसबीचा आहे की मागच्या रुंद पोर्टचा, आणि श्रीलिपीची आवृत्ती कोणती, एवढं कळवा. मग १० वर जाण्यात अर्थ आहे की नाही ते नेमकं सांगता येईल.